जागा आधी, पॉइंट्स नंतर

क्रेडिट कार्डावरच्या खर्चातून मिळालेले पॉइंट्स विमानाच्या तिकिटासाठी अ‍ॅपमधून एअरलाइनकडे पाठवताना शेवटच्या पानावर बारीक अक्षरात एक ओळ असते: ट्रान्सफर झालेले पॉइंट्स परत मिळणार नाहीत. तिच्याखाली मोठं रंगीत बटण असतं. नजर बटणावर जाते, ओळीवर जात नाही. पहिल्यांदा मीसुद्धा थेट बटणच दाबलं. आई-बाबांसाठी पॉइंट्सवर मिळणाऱ्या विमानाच्या दोन जागा दिसल्या होत्या, हातच्या जातील म्हणून घाई झाली, आणि 90,000 पॉइंट्स एका झटक्यात रवाना झाले. ते एअरलाइनच्या खात्यात तिचे माइल्स होऊन जमा व्हायला दोन दिवस लागले. तोवर दोन्ही जागा कुणीतरी घेतल्या होत्या. त्याच मार्गावर पुढे वर्षभर शोधत राहिलो, तशा जागा पुन्हा दिसल्या नाहीत. ते माइल्स शेवटी लहानसहान प्रवासांत संपवले.

एअरलाइनने कुठलाही नियम मोडला नव्हता. माझ्याकडे कुठेही चालेल असं चलन होतं, ते मी एकाच दुकानात चालणाऱ्या चलनात बदलून घेतलं होतं. आणि दुकानात ती वस्तू शिल्लक आहे का, हे पैसे हातात पडेपर्यंत थांबून मग पाहिलं. पॉइंट्स ट्रान्सफरचं सगळं शास्त्र या एका चुकीभोवती फिरतं, म्हणून ते मुळापासून समजून घेऊ.

आधी शब्द. माइल म्हणजे मैल. अमेरिकन एअरलाइन्सने 1981 च्या मे महिन्यात अ‍ॅडव्हान्टेज ही योजना सुरू केली तेव्हा माइलचा अर्थ शब्दशः होता: जितके मैल उडाल तितके खात्यात जमा. काही दिवसांतच युनायटेडने आपली योजना आणली आणि पाठोपाठ बाकीचे आले. पुढे बँकांना कळलं की लोकांना या माइल्सची ओढ आहे. बँका एअरलाइन्सकडून माइल्स घाऊक विकत घेऊन आपल्या कार्डधारकांना देऊ लागल्या. आज मोठ्या एअरलाइन्ससाठी माइल्सची ही विक्री उत्पन्नाचा भक्कम स्रोत आहे, आणि जगातले कितीतरी माइल्स विमानात न बसता, किराणा भरताना किंवा विजेचं बिल देताना जमा होतात. मैलाशी त्यांचा संबंध आता नावापुरताच आहे.

कार्डांमध्ये दोन जाती आहेत. एक म्हणजे एअरलाइनच्या नावाचं कार्ड. त्यावर खर्च केला की थेट त्या एअरलाइनचे माइल्स मिळतात. दुसरी जात म्हणजे बँकेचे स्वतःचे पॉइंट्स देणारं कार्ड. अमेरिकन एक्स्प्रेसचे मेंबरशिप रिवॉर्ड्स किंवा चेसचे अल्टिमेट रिवॉर्ड्स ही त्याची ठळक उदाहरणं. हे पॉइंट्स बँकेच्या खात्यात पडून असतात आणि बँकेच्या यादीतल्या कुठल्याही पार्टनर एअरलाइनकडे पाठवता येतात. आपला विषय ही दुसरी जात. तिची खरी ताकद पॉइंट्सच्या संख्येत नाही, निवड अजून केलेली नाही यात आहे. ज्या क्षणी तुम्ही पॉइंट्स पाठवता त्या क्षणी ती ताकद संपते. म्हणून कारण नसताना, ‘पुढे कधीतरी उपयोगी पडतील’ म्हणून ट्रान्सफर करणं मला साफ नामंजूर आहे. बाजारात तुरी असताना केलेला तो व्यवहार असतो.

आता जागेकडे येऊ, कारण सगळी गुंतागुंत तिथे आहे. माइल्सवर मिळणारं तिकीट म्हणजे अवॉर्ड तिकीट. विमानात 40 जागा रिकाम्या दिसत असल्या तरी माइल्सवर त्यातली एकही मिळणार नाही, असं सहज होतं. एअरलाइनमध्ये महसूल सांभाळणारा विभाग असतो. कुठल्या विमानातल्या किती जागा पुऱ्या भावाने विकल्या जातील याचा तो सतत अंदाज बांधतो. ज्या जागा विकल्या जाणार नाहीत असं वाटतं, त्यातल्या काही तो स्वस्त अवॉर्डसाठी मोकळ्या करतो. हा अंदाज रोज बदलतो, म्हणून सकाळी दिसलेली जागा संध्याकाळी दिसत नाही, आणि महिनाभर कोरडा असलेला मार्ग प्रवासाच्या आठवडाभर आधी अचानक उघडतो.

पडद्यामागे या जागांना अक्षरं असतात. प्रत्येक तिकीट एका अक्षराच्या कप्प्यातून निघतं. स्टार अलायन्स या एअरलाइन्सच्या गटातल्या कंपन्या एकमेकींच्या सभासदांना अवॉर्ड जागा देतात तेव्हा साधारणपणे इकॉनॉमीसाठी ‘एक्स’, बिझनेससाठी ‘आय’ आणि फर्स्टसाठी ‘ओ’ हे कप्पे वापरले जातात. ‘आय’ च्या कप्प्यात दोन जागा असतील तर जगभरच्या सगळ्या पार्टनर योजनांच्या सभासदांसाठी मिळून त्या दोनच. माझ्या आई-बाबांच्या जागा अशाच गेल्या असणार. दुसऱ्या कुठल्यातरी देशातल्या, दुसऱ्याच योजनेच्या सभासदाने त्या घेतल्या असतील. चौघांच्या कुटुंबाला बिझनेसच्या चार जागा एकाच विमानात मिळणं म्हणूनच इतकं अवघड असतं. शोधताना प्रवाशांची संख्या आधी एक टाका. जागा दिसली तर दोन टाका, मग तीन. थेट चार टाकून ‘काहीच नाही’ असं उत्तर आलं, तर तिथे एकही जागा नाही की तीन आहेत, हे कळायला मार्ग नसतो.

जागा दिसत आहेत, पण बुक करायला गेलं की पान अडकतं, असाही प्रकार घडतो. पार्टनरच्या यंत्रणेकडून आलेली जुनी माहिती पडद्यावर तशीच राहिलेली असते. याला भुताटकी जागा म्हणतात, आणि नाव अगदी योग्य आहे. उपाय असा की तीच जागा त्याच अलायन्समधल्या दुसऱ्या योजनेच्या साइटवर शोधा. दोन्हीकडे दिसली तर बहुधा खरी. त्याहून खात्रीचं म्हणजे बुकिंग करत करत पैसे भरायच्या पानापर्यंत जाऊन पाहणं. पण खात्यात माइल्स नसतील तर बऱ्याच साइट्स तिथवर जाऊच देत नाहीत. मग फोन करावा. समोरच्या माणसाला विमान क्रमांक, तारीख आणि वर्ग सांगून जागा खरंच आहे का, एवढंच विचारावं. काही एअरलाइन्स फोनवर जागा थोडा वेळ रोखूनही ठेवतात. तशी सोय असेल तर तिच्याइतकं मोलाचं दुसरं काही नाही, कारण ट्रान्सफरच्या वाटेतला धोकाच नाहीसा होतो.

अलायन्सचा उल्लेख आला, तर तेही सांगतो. पाच एअरलाइन्सनी मिळून 1997 मध्ये स्टार अलायन्स स्थापन केलं. 1999 मध्ये वनवर्ल्ड आणि 2000 मध्ये स्कायटीम आलं. आपल्यासाठी यातली कामाची गोष्ट अशी की एका सभासद एअरलाइनचे माइल्स दुसरीच्या विमानासाठी वापरता येतात. लुफ्तान्साच्या विमानात बसायचं तर लुफ्तान्साचेच माइल्स हवेत असं नाही. एअर कॅनडाच्या एरोप्लॅनचे, युनायटेडच्या माइलेजप्लसचे किंवा आव्हियांकाच्या लाइफमाइल्सचेही चालतात. विमान तेच, खुर्ची तीच, पण प्रत्येक योजनेने सांगितलेला माइल्सचा आकडा वेगळा आणि वरून भरायचे पैसेही वेगळे.

याचं कारण प्रत्येक योजनेचा भाव ठरवण्याचा रिवाज वेगळा. कुणी अंतरावर ठरवतं: ब्रिटिश एअरवेजच्या एव्हिऑस नावाच्या माइल्समध्ये पार्टनर विमानांचा भाव मुख्यतः अंतरावर आणि प्रत्येक टप्प्याचा वेगळा लागतो. त्यामुळे लहान, थेट उड्डाणांना ते स्वस्त पडतात आणि विमान बदलत जायचं असेल तर महाग. कुणी जगाचे विभाग पाडून, या विभागातून त्या विभागात इतके माइल्स, असा तक्ता ठेवतं. आणि कुणी तक्ता सरळ काढून टाकतं. डेल्टाने 2015 मध्ये तो काढला, युनायटेडने 2019 मध्ये. तिथे माइल्समधला भाव रोखीच्या भावासारखा दररोज खालीवर होतो. सुटीच्या दिवसांत आकडा बघून डोळे पांढरे होतात, आडदिवशी तेच तिकीट आवाक्यात असतं. तक्त्यावर चालणारी योजना मला जास्त आवडते. तिथे जागा शोधायला कष्ट पडतात, पण सापडली की भाव आधीपासून माहीत असतो.

वरून भरायचे पैसे हा भाग सर्वांत जास्त दुर्लक्षित राहतो. विमानतळाचे कर आणि सरकारी शुल्क तर द्यावेच लागतात. ब्रिटनमधून निघणाऱ्या प्रवाशाला एअर पॅसेंजर ड्यूटी माइल्सच्या तिकिटावरही चुकत नाही, आणि वरच्या वर्गाला ती जास्त आहे. पण काही योजना याखेरीज एअरलाइनचा स्वतःचा सरचार्जही वसूल करतात. जुन्या सवयीने त्याला फ्युएल सरचार्ज म्हणतात. तो कधीकधी इतका असतो की ‘फुकट’ हा शब्द तोंडातून निघू नये. याच्या उलट एअर कॅनडाने 2020 च्या नोव्हेंबरमध्ये एरोप्लॅनची नवी रचना आणली तेव्हा हा सरचार्ज घेणं बंद केलं. पार्टनरच्या तिकिटावर एक ठरावीक छोटं शुल्क घेतात. तेव्हा एकच खुर्ची दोन योजनांत पाहताना माइल्सच्या आकड्याशेजारी रोख रक्कमही लिहून घ्यायची.

हिशेब करून पाहू. चलन कुठलंही धरा. समजा रोखीने तिकीट 30,000 ला आहे. पहिली योजना 25,000 माइल्स आणि 5,000 कर मागते. म्हणजे 25,000 माइल्सनी तुमचे 25,000 वाचवले, दर माइलमागे 1.00. दुसरी योजना फक्त 20,000 माइल्स मागते, पण सरचार्जसकट 18,000 रोख. तिथे 20,000 माइल्सनी 12,000 वाचवले, माइलमागे 0.60. नुसते माइल्स पाहणारा दुसरी योजना निवडतो आणि फसतो. आता बँकेचं प्रमाण यात घाला. पहिल्या योजनेशी प्रमाण एकास एक असेल तर 25,000 पॉइंट्स पुरतात. दुसरीशी दोनास एक असेल, म्हणजे बँकेचे दोन पॉइंट्स दिले की एक माइल, तर 20,000 माइल्ससाठी 40,000 पॉइंट्स द्यावे लागतील. तेव्हा दर पॉइंटमागे उरतात 0.30. बँक तेच पॉइंट्स बिलातून वजा करायला 0.30 च देत असेल, तर एवढा खटाटोप कशासाठी करायचा?

प्रमाण वाचताना पहिला आकडा बँकेचा आणि दुसरा एअरलाइनचा, हे दर वेळी तपासा. घाईत उलटं वाचणारे मी पाहिले आहेत. हॉटेलांचे पॉइंट्सही एअरलाइनकडे पाठवता येतात, पण प्रमाण बहुधा कमी असतं: मॅरियट बॉनव्हॉयचे 60,000 पॉइंट्स बहुतेक एअरलाइन्सकडे 25,000 माइल्स होतात, तेही त्यात 5,000 चा बोनस धरून. खात्यात थोडेच माइल्स कमी पडत असतील तेव्हाच तो रस्ता धरावा.

हिशेबातला दुसरा सापळा बिझनेस क्लासचा. तिकिटाची किंमत 1,50,000, माइल्स 60,000, कर 10,000. भागाकार केला की माइलमागे 2.33, आणि छाती फुगते. पण रोखीने तुम्ही ते 1,50,000 कधी दिले असते का? दिले नसते आणि 30,000 चं इकॉनॉमीचं तिकीट काढलं असतं, तर खिशातले वाचले ते 20,000. माइलमागे 0.33. म्हणून बिझनेसने जाऊच नये असं मी म्हणत नाही. गुडघे दुखणाऱ्या आईला रात्रभर आडवं होऊन झोपता येतं, याची किंमत भागाकारात बसत नाही. पॉइंट्सचा याहून चांगला उपयोग मला माहीत नाही. फक्त त्याला सुख म्हणावं, बचत म्हणू नये. दोन्ही एकाच वहीत मांडले की माणूस जास्त खर्च करायला लागतो. आणि कार्डाचं बिल दर महिन्याला पूर्ण भरत नसाल तर हा लेख बाजूला ठेवून आधी बिल फेडा. थकबाकीवरचं व्याज कुठल्याही माइलच्या किमतीपेक्षा कितीतरी वेगाने वाढतं.

आता प्रत्यक्ष ट्रान्सफर. सर्वांत जास्त अडकतं ते नावावर. बँक पॉइंट्स तुमच्याच नावाच्या एअरलाइन खात्यात पाठवते; दुसऱ्याच्या खात्यात सहसा नाहीच, फार तर त्याच कार्डावर जोडलेल्या माणसाच्या. कार्डावर आद्याक्षरं, एअरलाइनच्या खात्यात पूर्ण नाव आणि पासपोर्टवर आडनाव आधी, असं तीन ठिकाणी तीन तऱ्हेचं नाव असलं की यंत्रणा ते तीन वेगळे लोक समजते. एअरलाइनचं खातं पासपोर्टप्रमाणे उघडा आणि बँकेतलं नाव त्याच्याशी जुळवून घ्या. हे काम आज करायचं, गरज पडायच्या कितीतरी आधी. नवं खातं उघडल्यावर काही ठिकाणी लगेच ट्रान्सफर स्वीकारली जात नाही, आणि नाव दुरुस्त करायला कागदपत्रं लागतात.

वेळेचंही तसंच. काही जोड्यांमध्ये पॉइंट्स मिनिटभरात पोचतात, काहींमध्ये एक-दोन दिवस, कधी आणखी जास्त. हे बँक आणि एअरलाइन अशा जोडीवर अवलंबून असतं. एकाच एअरलाइनकडे एका बँकेतून ताबडतोब जातात आणि दुसरीतून जात नाहीत. जोडी तत्काळवाली असेल तर कामाचा क्रम सोपा आहे: जागा समोर उघडी ठेवायची, लागतील तितकेच पॉइंट्स पाठवायचे, बहुतेक ठिकाणी हजाराच्या पटीत, आणि आले की त्याच बैठकीत बुक करायचं. जोडी संथ असेल तर जागा रोखून ठेवता येते का विचारा, नाहीतर जिथे एकाऐवजी आठ-दहा तारखांना जागा दिसत आहेत असा मार्ग धरा. एक गेली तरी दुसरी असते.

कुटुंबासाठी तिकीट काढणार असाल तर योजनेचा नियम ट्रान्सफरच्या आधी वाचा. तुमच्या माइल्सवर कोण उडू शकतं हे सगळीकडे सारखं नाही. एरोप्लॅनमध्ये कुणासाठीही तिकीट काढता येतं. सिंगापूर एअरलाइन्सच्या क्रिसफ्लायरमध्ये तुम्ही नोंदवलेल्या पाच जणांपुरतंच. ऑल निप्पॉन एअरवेजमध्ये ठरावीक जवळचे नातेवाईक, कोरियन एअरमध्ये नोंदवलेले कुटुंबीय. मित्रासाठी तिकीट काढायचं मनात धरून पॉइंट्स नको त्या योजनेत पाठवले, तर परतीची वाट नाही.

एका अपवादाची माहिती ठेवा. एव्हिऑस हे चलन ब्रिटिश एअरवेज, आयबेरिया, एअर लिंगस, कतार एअरवेज आणि फिनएअर अशा अनेकांनी मिळून स्वीकारलं आहे, आणि खाती एकमेकांना जोडली की त्यांच्यात एकास एक प्रमाणात ते फिरवता येतात. बँकेच्या यादीत कतार नसलं पण ब्रिटिश एअरवेज असलं, तरी कतारच्या योजनेतून तिकीट काढता येतं. बँकेकडे मात्र यातूनही परत जाता येत नाही.

बँका अधूनमधून ट्रान्सफर बोनस देतात, 20 ते 30 टक्के, कधी अधिकही. 30 टक्क्यांचा बोनस असेल तर 20,000 पॉइंट्सचे 26,000 माइल्स होतात. जागा आधीच सापडलेली असेल तर हा सोन्याहून पिवळा योग. जागा नसेल तर तो मोह आहे, कारण बोनसला शेवटची तारीख असते आणि तारखेच्या धाकाने माणूस पॉइंट्स पाठवून बसतो. एअरलाइनच्या खात्यात गेल्यावर त्यांचं घड्याळ वेगळं चालतं. क्रिसफ्लायरचे माइल्स सामान्य सभासदासाठी 36 महिन्यांनी संपतात, मग खात्यात हालचाल असो वा नसो. एरोप्लॅनमध्ये खात्यात 18 महिने हालचाल नसेल तर जातात. डेल्टा आणि युनायटेडमध्ये मुदत नाही, पण तिथे भाव कधी वाढेल ते कुणी आगाऊ सांगत नाही. तिकीट रद्द केलं तरी माइल्स एअरलाइनच्याच खात्यात परत येतात, बँकेच्या नाही, आणि रद्द करण्याचं शुल्क आधी पाहून ठेवावं.

बुकिंग झालं की लगेच आनंद करू नका, एक काम उरतं. ईमेलमध्ये सहा अक्षरांचा बुकिंग क्रमांक येतो, पण तो म्हणजे तिकीट नव्हे. त्याच ईमेलमध्ये खाली 13 आकड्यांचा तिकीट क्रमांक शोधा. त्याचे पहिले तीन आकडे तिकीट कुणी दिलं ते सांगतात: एअर कॅनडाचं 014, ब्रिटिश एअरवेजचं 125, सिंगापूर एअरलाइन्सचं 618, लुफ्तान्साचं 220. एरोप्लॅनवर लुफ्तान्साचं विमान घेतलं असेल तर आकडा 014 ने सुरू होईल, आणि ते बरोबर आहे. काही बदल करायचा झाला तर फोन एअर कॅनडाला करायचा. 13 आकडे एक दिवस उलटूनही दिसत नसतील तर जागा नावावर लागलेली असूनही तिकीट निघालेलं नाही, आणि ती जागा सुटू शकते. फोन करून तिकीट काढून घ्या. मग त्याच व्यक्तीला विमान चालवणाऱ्या एअरलाइनचा बुकिंग क्रमांक विचारा. तो वेगळा असतो. तो घेऊन त्यांच्या साइटवर जा, आणि खिडकीशेजारच्या दोन जागा निवडून टाका.